आत्याचं पोरट

४ मारच

भटक्या,

आधीचं पत्र मिळालं असेलच. त्यात सगळं सविस्तर लिहिलंय, तेच तेच उगाळायची मला सवय नाही. आता पुढचं ऐक.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी शेवटी ते पोरट बसवलंच. माझ्या मनात नव्हतं. पण ते म्हणाले, पुढचे सहा महिने पोरटाशिवाय तुमचं निभायचं नाही. म्हटलं, बसवा. आता ते चोवीस तास माझ्या छातीवर. कुशीवर वळले की टोचतं. शिवायला बसले आणि गळ्यातली टेप त्याच्यावर आली की नाराज. आहे जेमतेम कोटाच्या बटणाएवढं, पण रुबाब बघ.

दर तीन आठवड्यांनी त्याला घेऊन दवाखान्यात जायचं. पहिल्या खेपेला शहाण्यासारखं वागलं. दुसऱ्या खेपेला अडून बसलं. पाणी घातलं की गटागटा घेतं, पण रक्त म्हणून देत नाही. आणि ते रक्त देत नाही तोवर सिस्टर औषध सोडायला तयार नाही. मग माझी कवायत. उजवा हात वर करा. आता डोक्यावर ठेवा. मान डावीकडे. खोका. असं नाही, मनापासून खोका. सहा माणसांसमोर मी हात वर करून मनापासून खोकतेय. शेजारच्या खुरचीत एक रिटायर पोस्टमन असतात. त्यांचंही एक पोरट आहे. ते म्हणाले, माझं गाणं म्हटल्याशिवाय देत नाही. आणि म्हणून दाखवलं. अख्खं.

माझा मोबाइल एका गिऱ्हाइकाच्या कोटाच्या अस्तरात शिवला गेला आणि गिऱ्हाईक परगावी गेलं. निरोप असला तर खालच्या इस्त्रीवाल्याच्या दुकानात फोन कर. निम्मा निरोप पोचतो.

आत्या


१५ मार्च

आत्या,

नमस्कार. वाकून केलाय, माझ्या खोलीत तसंही सरळ उभं राहता येत नाही.

आधीचं पत्र मिळालं. छान होतं.

नवा पत्ता कळवताना लिहिलं होतं तेच काम, मी सध्या गाड्या लावायच्या मैदानावर पांढरे पट्टे मारतो. दोरी ताणायची आणि रंगाचं ढकलगाडं तिच्या कडेनं न्यायचं. गाणं म्हणायला बंदी आहे, गाण्यानं पट्टा वळतो असं मुकादमाचं म्हणणं. परवा एक बदक ओल्या रंगावरून चालत गेलं. त्याच्यामागे मी, माझ्यामागे मुकादम. आता सत्तावन्न नंबरच्या जागेत बदकाची पावलं उमटलीत आणि लोक नेमकी तीच जागा धरायला भांडतात. बदकाबद्दल अजून बरंच आहे, पण विषय तुझ्या पोरट्याचा चाललाय.

आत्या, या वयात हे काय काढलंस? तू 'पोरट' लिहिलंस, अनुस्वार खाल्लास, पण आपल्या घरात शुद्धलेखन कुणाला येतं, मी समजून घेतलं. पोरटं ठेवून घ्यायला माझी ना नाही. मीही तुझ्याकडे दहा वर्षं तेच होतो. पण डॉक्टर लोक कधीपासून पोरटी वाटायला लागले? त्या पोस्टमनलाही एक दिलंय म्हणजे ही काहीतरी योजना दिसते, एकट्या माणसांना सोबत म्हणून. कल्पना चांगली आहे. फक्त आधी विचारायला हवं होतं.

कोटाच्या बटणाएवढं हे तू रागानं म्हणतेस ते कळतं, पण त्याला पोटभर खायला घाल. चोवीस तास छातीवर बसतं म्हणजे लाडावलंय. मी बसलो असतो तर तू फूटपट्टीनं उतरवलं असतंस. पाणी गटागटा पितं आणि पुढे काही देत नाही, हे लक्षण मात्र मला बरं दिसत नाही. मुतखडा नाही ना ते बघून घे. आणि ती सिस्टर एवढ्याशा जिवाकडे रक्त मागते कशाला? बरं, हट्ट ते करतंय, तर हात वर करायची शिक्षा तुला का? माझ्या मास्तरांनी निदान मलाच बाकावर उभं केलं होतं.

त्याचं नाव काय, आईबाप कुठायत, झोपेत रडतं का? माझी खाट त्याला दिलीस तर हरकत नाही. खाटेखालच्या खोक्याला मात्र हात लावू देऊ नकोस.

पोरट्याला माझा पापा.

भटक्या


२४ मारच

भटक्या,

तुझं पत्र औषधाच्या खुरचीत बसून वाचलं. पोरट पुन्हा अडलं होतं, तासभर माझी कवायत चालू होती, कंटाळून म्हटलं पत्र तरी फोडू. 'मुतखडा नाही ना' इथपरयंत आले आणि जी हसायला लागले ती थांबेचना. सिस्टर धावत आली, नळीकडे बघते तर रक्त. खोकून, वाकून, हात वर करून जे मिळालं नाही ते तुझ्या मुतखड्यानं दिलं. आता ती म्हणते, पुढच्या खेपेला भाच्याचं पत्र घेऊनच या.

मला वाटलं पोरानं मुद्दाम लिहिलंय, आत्याला हसवायला. घरी येऊन परत वाचलं. 'झोपेत रडतं का.' 'माझी खाट.' हे कुणी मुद्दाम लिहीत नाही. आणि वरती लिहिलंयस, आधीचं पत्र मिळालं, छान होतं.

त्या पत्रात मी लिहिलं होतं की मला कॅन्सर झालाय.

म्हणजे तुला ते मिळालेलंच नाही. खोटं लिहायचं तर निदान 'वाचून काळजी वाटली' असं लिहावं, ते कुठल्याही पत्राला चालतं.

तर ऐक. डाव्या बाजूला गाठ होती, ती काढली. आता औषध सुरू आहे, एकूण सहा खेपा. ते औषध एवढं जहाल की हाताच्या शिरा जळतात. माझ्या शिरा तर पहिल्याच दिवशी सिस्टरला बघून पळून गेल्या, आठ वेळा टोचलं तेव्हा एक सापडली. म्हणून उजव्या खांद्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत, एक चपटी डबी बसवतात. तिला नळी, नळी आत मोठ्या शिरेत. कातडीवरून डबीत सुई टोचायची, औषध थेट आत. पण आधी नळीतून उलटं रक्त आलेलं दिसलं पाहिजे, म्हणजे नळी शिरेत नीट आहे. त्या डबीला म्हणतात पोरट. पो, मग ट, आणि ट च्या डोक्यावर र चा तो आकडा. तो आकडा मी देत नाही, कारण औषधानं बोटांची टोकं बधिर झालीत आणि एवढी बारीक कलाकुसर जमत नाही. ज्या शब्दाला तो आकडा लागतो त्याचं मी असंच करते. खुरची लिहिलं ते तुला बरोबर कळलं. पोरट नाही कळलं.

सरजन हुशार आहे, पण टाके एकसारखे नाहीत. त्याला मी सांगितलं, दोऱ्याची गाठ आतून मार. तो म्हणाला, आतूनच मारलीय. मी म्हटलं, मग बाहेर डोकावतंय ते काय. बघून म्हणाला, अरे हो.

रडू नकोस. तुला रडताना नीट लिहिता येत नाही.

आत्या


२ एप्रिल

आत्या,

मी रडलो नाही. डाग पडलेत ते साबणाचे आहेत.

खरं सांगतो. मी ज्या बागेत फळं तोडत होतो तिथून न सांगता निघालो होतो, कारण शिडीवरून पडलो, आणि शिडी मालकावर पडली. तुझं पत्र तिथेच गेलं असणार. तू ओरडशील म्हणून मिळालं असं ठोकून दिलं. 'छान होतं' हे लिहिताना मला वाटलंही, की आत्या कधी वाईट पत्र लिहीतच नाही.

पट्ट्यांचं काम सुटलं. मी गाणं म्हटलं. आता एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईखान्यात आहे. इथे चादरी घडी करायला दोन माणसं लागतात, समोरासमोर येऊन कोपरे जुळवायचे. माझ्या समोर ज्या मोठ्या बाई असतात त्या वीस वर्षं दवाखान्यात सिस्टर होत्या. दिवसाला तीनशे वेळा आम्ही समोरासमोर येतो आणि दर खेपेला त्या मला एकेक वाक्य सांगतात. अशी पूर्ण गोष्ट व्हायला दुपार लागते. त्यांना मी पोर्टबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, (चादर) अडतं कधीकधी, (चादर) गुठळी विरघळवायचं औषध असतं, (चादर) पण ताप आला तर वाट बघायची नाही. उशीची खोळ एकट्यालाच घडी करता येते, त्यामुळे खोळींच्या वेळी काही कळत नाही.

मी येतो. या शनिवारी नाही, कारण या शनिवारी इथे मोठं लग्न उतरतंय आणि चारशे टॉवेल आहेत. पुढच्या शनिवारी. किंवा त्याच्या पुढच्या. आत्या, दवाखान्यात शिरणं मला जमत नाही, तुला माहीत आहे. बाबांच्या वेळी मी फाटकापर्यंत रोज जायचो. पण येतो.

दवाखान्यात तुझ्याबरोबर कोण असतं?

भटक्या


११ एप्रिल

भटक्या,

बरोबर कोण असतं म्हणून विचारतोस. असतं कुणीतरी. तू टॉवेल सांभाळ.

चौथी खेप झाली. तुझं पत्र नेलं होतं, पण त्यात हसण्यासारखं फक्त शिडी होती, तेवढ्यानं काही येईना. पोस्टमननी गाणं म्हटलं, तेही फुकट. शेवटी तुझ्या बाईंनी सांगितलं ते गुठळीचं औषध घालून दीड तास बसवलं, मग मोकळं झालं. म्हणजे तुझ्या चादरीतलं शिक्षण बरोबर आहे.

बाकी ठीक. डबीवरची कातडी जरा लाल झालीय, हात लावला की ठणकते. झग्याची शिवण घासत असणार. तो झगा मीच शिवलाय, म्हणून कुणाला बोलता येत नाही. परवा डबी धुवायला गेले होते, नुसतं पाणी घालून धुतात. घरी येते न येते तोच अशी हुडहुडी भरली की मशीनची सुई आणि माझे दात एकाच तालात. दोन तासांत गेली. काल परत. पंख्याखाली बसले म्हणून असेल.

दवाखान्यात सांगितलं नाही. दोनच खेपा उरल्यात. सांगितलं की डबी काढतील आणि पुन्हा हाताच्या शिरा शोधत बसतील. बोटं आधीच गेलीत, वर हात सुजवून घेतले तर मी शिवू कशानं? पायानं फक्त मशीन चालतं.

हे तुला सांगितलं, कारण तू लांब आहेस.

आत्या


१६ एप्रिल
(दुकानाच्या किल्लीसोबत ठेवलेली चिठ्ठी)

भाचेबुवांस,

मी खालचा इस्त्रीवाला. तुम्ही फोनवर निघालो म्हणालात, म्हणून हे लिहून शेजारच्या चावीवाल्याकडे ठेवतोय. मी दवाखान्यात आहे. काळजी करू नका, किंवा थोडी करा.

तुमचा फोन आला तेव्हा माझ्याकडे वाफ सुटत होती आणि तुमच्याकडे यंत्रं गरगरत होती. मला ऐकू आलं ते असं, 'पोरटं तापलंय, दवाखान्यात न्या, काढून टाकायला सांगा, आत्ताच्या आत्ता, मी निघालो.' मी विचारलं, पोरटं कुठंय? तुम्ही म्हणालात, छातीत. आणि फोन तुटला.

मी तसाच वर गेलो. ताई मशीनवर बसलेल्या. अंगावर गिऱ्हाइकांचे तीन कोट एकावर एक. दात वाजतायत, पाय मात्र चालूच. मी विचारलं, मूल कुठाय? म्हणाल्या, कुठलं मूल? मी खाटेखाली बघितलं, कपाटात बघितलं, कापडाचे तागे बाजूला करून बघितले. त्या म्हणाल्या, शोधून झालं असेल तर चहा टाका. मग मी कपाळाला हात लावला. तीस वर्षं या धंद्यात आहे, हाताला कळतं. रेशमाला लावतो तेवढी इस्त्री असती तर मी चहा टाकला असता. ही जाड सुती कापडाची होती.

जाणार नाही म्हणाल्या. दोन खेपा उरल्यात, एक कोट उद्या द्यायचाय, वगैरे. मी म्हटलं, भाचा निघालाय. त्या म्हणाल्या, तो निघाला म्हणजे कुठेतरी बदक बघत उभा असेल. मी म्हटलं, रडत होता फोनवर. तेव्हा त्यांनी पाय थांबवले. मग उठल्या, आणि मशीनवर झाकण घातलं.

माझ्या गाडीत मागे सत्तर शर्ट टांगलेले होते, त्यांच्यामधून बसवून नेलं. वाटेत तापातसुद्धा म्हणाल्या, कॉलरला चुण्या राहिल्यात.

डॉक्टर म्हणाले, डबीत जंतू बसलेत, धुतलं की ते नळीवाटे रक्तात उतरतात, म्हणून हुडहुडी. एक दिवस उशीर झाला असता तर अवघड होतं. डबी उद्या सकाळी काढणार. आत कोण बसेल विचारलं तर ताईंनी मला घरी जा म्हणून सांगितलं. मी गेलेलो नाही.

मुलाचं नंतर मला नीट समजावून सांगा. मी अजून थोडा गोंधळात आहे.

आपला, इस्त्रीवाला


१९ एप्रिल
(दवाखाना, दुसरा मजला, बाहेरचा बाक)

आत्या,

हे पत्र सिस्टरबरोबर आत पाठवतोय. मी आलोय. काल सकाळीच आलो.

काल आत आलो नाही, कारण तू झोपली होतीस असं कळलं. कुणी सांगितलं नाही, अंदाजानं कळलं. आज यायला निघालो तर दार बंद. भेटीची वेळ नसेल. मी वाट बघतो, मला काही घाई नाही. बाक चांगला आहे.

तू झोपेत असताना मी रिकामा बसलो नाही. काल घरी जाऊन तुझी गिऱ्हाइकं सांभाळली. एक उंच गृहस्थ पँट न्यायला आले, त्यांना मी पँट दिली. ती आखूड झाली. ते म्हणाले, ही माझी नव्हे. मी म्हटलं, आत्यानं शिवलीय, तुम्हीच वाढला असाल. तर ते विचार करत गेले. मग एक बुटके गृहस्थ आले. इस्त्रीवाले काका आता त्या उंच माणसाला शोधतायत.

दोन गोष्टी मला कळत नाहीत. एक म्हणजे काका अजून माझ्याकडे संशयानं बघतात आणि विचारतात, शेवटी ते मूल कुणाचं. आणि दुसरी ही, की काल मी खाली औषध देतात त्या खोलीत जाऊन सांगितलं, मी अमक्या खाटेवरच्या बाईंचा भाचा, तर तिथल्या तीनही सिस्टरांनी हातातलं काम टाकून माझ्याकडे बघितलं. एक म्हणाली, 'हाच का तो?' दुसरी म्हणाली, 'मग, मिळाली का गाडीला जागा?' मी म्हटलं, माझ्याकडे गाडी नाही. तर त्या एवढ्या हसल्या की एकीला खुर्ची द्यावी लागली. म्हणाल्या, 'दोन महिने शोधताय हो जागा.' हे काय प्रकरण आहे?

धुलाईखान्यातल्या बाईंनी तुझं पत्र वाचलं आणि चादर सोडून दिली. हातातून खाली. तेव्हा मला कळलं. मी तसाच फोनकडे पळालो, अंगावर एप्रन होता, तो अजून आहे.

डबी काढताना दुखलं का? आत कुणी होतं का?

दार उघडलं की येतोच. नाही उघडलं तर उद्या.

भटक्या


१९ एप्रिल
(खाटेवरून)

भटक्या,

दुखलं नाही, तेवढी जागा बधिर करतात. डबी काढताना मी बघायला मागितली. बटणच आहे, चार भोकं तेवढी नाहीत. आत कुणी नव्हतं. सरजनच्या टाक्यांवर लक्ष ठेवायचं होतं, त्यात वेळ गेला. या खेपेला गाठ आतून मारलीय.

ताप कालपासून नाही. दहा दिवस हातातून औषध, मग रक्त तपासून नवी डबी, मग राहिलेल्या दोन खेपा. शीर शोधायला या खेपेला तीनच वेळा टोचलं. मी उगाच भ्यायले होते.

गाडीचं सांगते. दर खेपेला इथे विचारतात, बरोबर कोण आहे? एकटी आलेय म्हटलं की घरी पाठवतात, नाहीतर दहा प्रश्न. तू तेव्हा पट्टे मारत होतास, तोंडात तेच आलं. म्हटलं, भाचा आहे, खाली गाडी लावतोय. पहिल्यांदा त्यांना खरं वाटलं. दुसऱ्यांदा म्हणाल्या, अजून लावतायत? मग मीही ताणलं. कधी म्हणायचं, चाक रुतलं. कधी म्हणायचं, दुसऱ्या कुणाची लावून देतोय, स्वभाव तसा आहे. औषध चढत असताना मी तुझ्या त्या गाडीचा रंगसुद्धा ठरवला. हिरवी आहे.

उंच गृहस्थाची पँट खिळ्यावर होती, तू घडीतली दिलीस. असो.

आता भेटीच्या वेळेचं. वेळ सकाळपासून चालूच आहे. समोरच्या खाटेला तीन पाहुणे येऊन गेले, पोस्टमनची बायको मला बघायला दोनदा आली. दाराला मधोमध काच आहे, आणि माझी खाट बरोबर समोर. तू बाकावरून उठतोस, एप्रन नीट करतोस, दाराशी येतोस, दोन्ही हातांनी ढकलतोस, आणि बंद आहे बंद आहे असं पुटपुटत परत जाऊन बसतोस. सकाळपासून पाच वेळा मोजलंय. माझ्या डोक्यावर केस नाहीत, ते बघून तुला वाईट वाटेल म्हणून मी टोपी घातलीय, फुलाफुलांची, हसायचं तर हस.

दार बंद नाहीये, बाळा. ढकलू नकोस. ओढ.

आत्या